हरळी, पण विकत घेतलेली

पुण्याच्या कडेला एखाद्या नव्या सोसायटीचा ताबा द्यायची तारीख जवळ आली, की सोलापूर रस्त्याने हिरवळीचे टेंपो येऊ लागतात. उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यात नर्सऱ्यांची दाटी आहे. तिथे हिरवळ हे रीतसर पीक आहे. काळ्या मातीत लावायची, खतपाणी देऊन दाट करायची आणि खालच्या बोटभर मातीसकट कापून चौरस फुटाच्या भावाने विकायची. टेंपो रात्री भरतो, पहाटे साइटवर पोचतो. दुपारपर्यंत मुरुमाचा रखरखीत पट्टा हिरवा झालेला असतो आणि संध्याकाळी विक्री कार्यालयातली मंडळी तिथे उभी राहून फोटो काढतात.

शहराच्या पश्चिमेकडच्या एका सोसायटीत असाच टेंपो अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर आला. मुहूर्त घरांचा होता, गवताचा नव्हता. हिरवळ लावायची ती मृगाचा पाऊस होऊन जमीन भिजल्यावर. भर उन्हाळ्यात लावली तर पुढचे दीड-दोन महिने एका माणसाला तिच्यामागे धावावं लागतं. तो माणूस म्हणजे तिथले माळीकाका. त्यांना अर्थातच कोणी विचारलं नव्हतं.

काका नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचे. घरची जमीन कोरडवाहू. लहानपणी वडिलांबरोबर केलेल्या कामांतलं सगळ्यात जिवावर येणारं काम त्यांना अजून आठवतं, ते म्हणजे हरळी काढणं. नांगर पुढे जायचा आणि पोरांनी मागून मुळ्या वेचायच्या, बांधावर वाळत टाकायच्या, वाळल्या की जाळायच्या. एवढं करूनही पेराएवढा तुकडा मातीत राहिला तर पहिल्या पावसात हरळी पुन्हा हजर. या गवताला खोडं दोन तऱ्हांची असतात. एक जमिनीवरून पळतं, दुसरं जमिनीखालून, आणि प्रत्येक पेराला मूळ फुटायची सोय असते. शेतकऱ्याला नको असलेला हा चिवटपणाच मैदानांना हवा असतो. जगभर बर्म्युडा ग्रास म्हणून ओळखलं जाणारं, क्रिकेटच्या मैदानांवर आणि गोल्फच्या हिरवळींवर वाढवलं जाणारं गवत ते हेच, किंवा त्याच्याच संकरित जाती. टेंपोतून आलेली ‘सिलेक्शन वन’सुद्धा हरळीचीच बारीक पानांची निवड. “बापाचा जलम हिला मारण्यात गेला, माझा जगवण्यात चाललाय,” असं काका म्हणतात. त्यात तक्रारीपेक्षा गंमत जास्त असते.

मग शेतात मारून न मरणारं हे गवत सोसायटीत जगवायला पगारी माणूस का लागतो?

कारण आलेल्या हिरवळीचा रंग नर्सरीचा असतो. कापताना मुळांचा मोठा भाग शेतातच राहतो. पानांत साठलेल्या अन्नावर आणि तिथे खाल्लेल्या युरियावर हे तुकडे काही दिवस हिरवे दिसतात. खाली मुरूम असो, माती असो की नुसती फरशी. सोसायटीतल्या सगळ्यांचे डोळे या रंगावर, काकांचे मात्र तुकड्यांच्या कोपऱ्यांवर. मूळ खाली उतरलं की नाही, एवढीच चौकशी त्यांना करायची असते आणि ती वरून होत नाही.

लावणीच्या दिवशी त्यांनी ठेकेदाराच्या माणसांकडून जमेल तेवढं करून घेतलं. आधी खालची जमीन भिजवायला लावली. कोरड्या तापलेल्या मुरुमावर ओला तुकडा ठेवला तर मुरूमच त्यातलं पाणी ओढून घेतो. वीटकामात मोडतात तसे सांधे मोडून तुकडे मांडायला लावले, म्हणजे सलग लांब भेगा राहत नाहीत. सांध्यांत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलं आणि वरून रोलर फिरवला. रोलर सपाटीसाठी असतो असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं काम असतं तुकडा आणि जमीन यांच्यामधली हवा काढण्याचं. जिथे पोकळी राहते तिथे मूळ लोंबकळतं आणि सुकतं. आठवड्याभरात तेवढाच चट्टा पिवळा पडतो.

एका गोष्टीपुढे त्यांचं चाललं नाही. पाण्याच्या पाइपसाठी खणताना सिमेंटचे गोळे, टाइलचे तुकडे आणि चुन्याची पांढरी पट्टी दिसली होती. त्यांनी ती सुपरवायझरला दाखवली. “वरून दिसतंय का?” असं त्याने विचारलं आणि पुढचा तुकडा मागवला.

पहिल्या पंधरवड्यात काकांचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. पाण्याचा हिशेब तसा सोपा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी घालायचं तर १ लिटर लागतं. उन्हाळ्यात हिरवळ दिवसाला ५ ते ६ मिलिमीटर पाणी सहज उडवते. ही हिरवळ सुमारे ४०० चौरस मीटरची, म्हणजे रोजचे किमान २,००० लिटर. १०,००० लिटरचा टँकर पाच दिवसांत संपला. मे महिन्यात पिण्याच्या पाण्यालाच टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा आकडा ऐकल्यावर समितीचे चेहरे कसे झाले असतील ते सांगायला नको. सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प आवारात होता, म्हणून निभावलं. त्या पाण्यात क्षार असतात, वासही थोडा असतो; पण हरळीला क्षारांचं फारसं वावडं नाही.

अवघड भाग पाणी किती यापेक्षा पाणी कधी हा होता. नव्या तुकड्याची मुळं बोटभर मातीतच असतात, ती माती दुपारपर्यंत सुकते. म्हणून सुरुवातीला थोडंथोडं, पण दिवसातून दोन-तीनदा. फरसबंदीच्या ब्लॉकला लागून असलेली कड सगळ्यात आधी जाते, कारण ब्लॉक तापतात आणि बाजूची माती भाजून काढतात. तिथे काका भर दुपारी झारीने पाणी द्यायचे. संध्याकाळी उशिरा मात्र अजिबात नाही, कितीही लोक घरी येऊन बघत असले तरी. रात्रभर पान ओलं राहिलं की बुरशीला निमंत्रण.

खिशात एक जुना स्क्रू ड्रायव्हर असतो. तो ते हिरवळीतून खाली खुपसून बघतात. मुठीच्या सहज जोराने गेला तर खाली ओल आहे. अडला तर वरून चकचकीत भिजलेली जागाही खालून कोरडी आहे. बाजारात ओल मोजायची यंत्रं मिळतात. काकांच्या स्क्रू ड्रायव्हरपेक्षा ती जास्त काय सांगतील, हा प्रश्नच आहे.

पंधरवड्यानंतर त्यांनी पाणी एक दिवसाआड केलं. मूळ खाली जावं अशी इच्छा असेल तर वरची माती मधूनमधून सुकू द्यावी लागते. रोज तोंडाशी पाणी मिळालं तर मूळ कशाला खाली जाईल? पण त्या दिवसांत हिरवळीवर निळसर-करडी झाक आली. पाऊल टाकलं की गवत लगेच उठेना, पावलाचा ठसा तसाच राहायचा. ही तहानेची खूण काकांना कळत होती आणि ती थोडी हवीच होती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र फोटो फिरू लागले. एका रविवारी समितीच्या खजिनदार मॅडम खाली आल्या.

“काका, पाणी का बंद केलंत? पैसे वाचवा म्हणाले होते, गवत मारा नव्हतं म्हटलं.”

काका काही बोलले नाहीत. त्यांनी एका तुकड्याचा कोपरा दोन बोटांत धरला आणि वर ओढला. तो आला नाही. दुसरा, ब्लॉकजवळचा, ओढला तो हातभर उचलला गेला. त्याच्या खालच्या बाजूला तपकिरी, मेलेल्या मुळांच्या जाळीतून दोऱ्याएवढी पांढरीशुभ्र मुळं नुकती बाहेर आली होती. “मॅडम, ती पांढरी बघा. ती उतरायला लागलीत. आता पाणी जास्त दिलं तर इथंच थांबतील,” म्हणत त्यांनी तुकडा परत ठेवला आणि पायाने दाबला. मॅडमनी त्या मुळांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. हिरवळीविषयी त्या ग्रुपवर आलेली ती बहुधा पहिली कामाची माहिती.

पाण्यापेक्षा जास्त वेळ माणसांना थोपवण्यात गेला. दोरी बांधली होती; दोरीखालून मुलं जायची, दोरीवरून चेंडू यायचा आणि हास्यक्लबच्या आजोबांना दोरी आपल्यासाठी नाही असंच वाटायचं. “पु. ल. देशपांडे उद्यानात बघा कशी हिरवळ आहे,” असं सुनावणारेही होते. सिंहगड रस्त्यावरचं ते उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, २००६ साली खुलं झालेलं. कोराकुएनची ओळखच मुळी तिथल्या विस्तीर्ण हिरवळी. पण पुण्याच्या त्या उद्यानात हिरवळीवर पाऊल पडलं की रखवालदाराची शिट्टी वाजते, हे सांगणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. कुत्र्यांचा प्रश्न वेगळाच. मधे पिवळा जळका ठिपका आणि भोवती इतर गवतापेक्षा गर्द हिरवं कडं दिसलं, की ते कुत्र्याच्या लघवीचं काम. मध्यभागी नत्र अति झालेलं असतं, कडेला ते खतापुरतं पोचतं. काका लगेच बादलीभर पाणी ओतायचे आणि कुत्र्याच्या मालकाला काही म्हणायचे नाहीत. पगार त्या मालकाच्याही वर्गणीतून येतो.

पहिली कापणी मूळ धरल्याशिवाय करायची नाही, नाहीतर मशीन तुकडाच उचलतं. नियम एकच: एका वेळी पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. गवताची वाढ शेंड्यातून होत नाही, बुडातून होते, म्हणून ते कापणी सोसतं. पण अन्न तयार करणारं पानच काढून घेतलं तर मुळांची वाढ थांबते. समितीला एकदम बारीक, मैदानासारखी हिरवळ हवी होती. काकांनी दीड इंचाखाली जायला नकार दिला. त्यांच्याकडे हाताने ढकलायचं जुनं मशीन आहे, फिरत्या पात्यांचं. अशा यंत्राचं मूळ इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये, एडविन बडिंग या कारागिराच्या १८३० सालच्या शोधात आहे. कापडगिरणीत लोकरीच्या कापडावरची लव कातरणारी पाती पाहून त्याला ते सुचलं. काकांना बडिंग माहीत असायचं कारण नाही, पण पात्याला धार नसेल तर गवत कातरलं जात नाही, फाटतं आणि दोन दिवसांनी सगळी हिरवळ टोकांवर पांढरट दिसते, हे ते कोणालाही समजावतात.

जूनमध्ये पाऊस आला, टँकर थांबले, आणि आता हिरवळीला काही बघायला नको असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. काकांची खरी धावपळ तेव्हा सुरू झाली.

आधी पिवळेपणा. पाइपजवळच्या पट्ट्यात पानांवर उभ्या रेघा दिसू लागल्या, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. एका उत्साही रहिवाशाने हे नत्र कमी पडल्याचं लक्षण ठरवलं आणि नर्सरीतून युरिया आणून भर दुपारी मुठीने उधळला. युरियात ४६ टक्के नत्र असतं. चौरस मीटरला १० ग्रॅम, तोही सगळीकडे सारखा पसरून वर लगेच पाणी, हे प्रमाण. मुठीने टाकलेल्या जागी मुठीएवढे जळके डाग पडले. खरं कारण तो खाली गाडलेला चुना होता. चुन्यामुळे माती विम्ल होते आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. काकांनी हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार, आणला, लिटरला ५ ग्रॅम विरघळवला आणि सकाळी पानांवर फवारला. चार दिवसांत रंग फिरला. पण फवाऱ्याचे थेंब फरशीवर पडले तर गंजाचे डाग उठतात, म्हणून कडेला पोती अंथरून ठेवायची. हा उपाय तात्पुरता आहे हेही त्यांनी सांगितलं; चुना खालीच आहे, हिराकस पुन्हापुन्हा लागणार.

मग तण. घोळ, आंबुटी, दुधी ही हाताने निघतात. लव्हाळा निघत नाही. वरचं पातं ओढलं की ते हातात येतं आणि खाली साखळीने लागलेल्या गाठी तशाच राहतात. प्रत्येक गाठ पुन्हा फुटते. तो बाहेरून आलेला नव्हता, हिरवळीच्याच काळ्या मातीतून आला होता. खुरपणीला येणाऱ्या मावशी काकांच्याच भागातल्या. दोघांनी बसून टोकदार खुरप्याने एकेक गाठ खणून काढली. गवत न दुखावता गाठीपर्यंत पोचायचं हे नजाकतीचं काम आहे आणि त्याचा दाम मात्र साध्या खुरपणीचाच मिळतो.

हुमणीची चाहूल काकांना त्याआधीच लागली होती. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी आवारातल्या कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे घोंगावू लागले. गावाकडे अशा वेळी फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडतात आणि रॉकेलच्या पाण्यात टाकतात. सोसायटीत लोकांना हा प्रकार बघवला नसता, म्हणून काकांनी खांबावरच्या दिव्याखाली साबणाच्या पाण्याची बादली ठेवून भागवलं. हे भुंगेरे मातीत अंडी घालतात आणि श्रावण-भाद्रपदात पांढरी, वाकडी अळी मुळं खाऊ लागते, तीच हुमणी. वरून गवत सुकल्यासारखं दिसतं. हात घातला तर सालीसारखं उचललं जातं, कारण खाली मूळच नसतं. साळुंक्या आणि बगळे एकाच जागी पुन्हापुन्हा चोच मारताना दिसले, की काका तिथे जाऊन खणून बघतात. पूर्वी अशा वेळी फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकायचे. २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे, आणि मुलं लोळणार त्या जागी ते टाकायचं काकांच्या मनातही नव्हतं. ऊसवाले वापरतात ती मेटारायझियम बुरशी त्यांनी शेणखतात मिसळून ओल्या मातीत दिली. औषध टाकल्याबरोबर अळ्या मरून पडत नाहीत, त्यामुळे हे काम झालं असं कोणाला वाटतच नाही.

गणपतीत दोन पेच पडले. पहिला मंडपाचा. दहा दिवस ताडपत्रीखाली झाकलेलं गवत पिवळं पडणार हे काकांनी आधीच सांगितलं. मंडप हलला नाही, पण खांबांसाठी खड्डे घेण्याऐवजी वाळूच्या पोत्यांवर खांब उभे राहिले. दुसरा दूर्वांचा. पहिल्याच सकाळी चार-पाच ताई वाटी घेऊन हिरवळीवर वाकलेल्या. हरळी म्हणजेच दूर्वा, आणि ती दारात, तीही अशी कोवळी! काकांनी हात जोडून अडवलं. “ताई, यावर हिराकस मारलाय, सांडपाण्याचं पाणी जातंय. देवाला नको.” कुंपणाजवळ मंडळींच्या नजरेआड त्यांनी बोअरच्या पाण्यावर एक वाफा सोडून ठेवला होता, न कापलेला. तिथल्या लांब, तीन पानांच्या दूर्वा त्यांनी दाखवल्या. एकवीसच्या जुड्या रोज तिथूनच गेल्या.

मंडपाखालचं गवत विसर्जनानंतर पांढरं पडलं होतं. समितीने नवे तुकडे मागवायचा विचार केला. काकांनी खत घातलं, पाणी दिलं आणि वाट बघायला सांगितली. जमिनीखालचं खोड जिवंत होतं. नवरात्र सरेपर्यंत पेरापेरातून हिरवं वर आलं.

न सुटणारी गोष्ट निघाली ती इमारतीच्या उत्तरेची. ती बारा मजली, साधारण ३६ मीटर उंच आणि हिरवळ तिच्या उत्तरेला. मेमध्ये टेंपो आला तेव्हा त्या जागेवर लख्ख ऊन होतं. असणारच, कारण मेच्या मध्यात पुण्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा तो दिवस शाळेतली मुलंही काठी उभी करून बघतात. पुढे जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. सप्टेंबर संपता संपता मात्र तो दक्षिणेला झुकतो आणि इमारतीची दुपारची सावली उत्तरेला १२ मीटर पडते. डिसेंबरात दुपारी सूर्य ४८ अंशांवरच पोचतो आणि सावली ३२ मीटरपर्यंत जाते. म्हणजे इमारतीलगतच्या १२ मीटरच्या पट्टीला मार्चअखेरपर्यंत, सहा महिने, भर दुपारचं ऊन नाही. हरळी उन्हाचं गवत आहे. तिला दिवसाला सहा-सात तास ऊन नाही मिळालं तर ती लांबट, विरळ होते आणि मग शेवाळ जागा घेतं. काकांनी हा हिशेब अंशांत केला नव्हता. दिवाळीच्या सुमारास त्यांनी सावलीच्या कडेने चुन्याची रेघ ओढली, दर पंधरा दिवसांनी नवी रेघ, आणि जानेवारीच्या बैठकीत समितीला बाहेर नेऊन त्या रेघा दाखवल्या.

त्यांचा प्रस्ताव असा होता: त्या पट्टीतलं गवत उचलायचं, जिथे विरळ झालंय तिथे लावायचं आणि मोकळ्या जागेत मुरूम दाबून मुलांना क्रिकेटची खेळपट्टी द्यायची. भिंतीलगत सावलीत वाढणारी झाडं. मुलांचे पालक खूश झाले, हास्यक्लबनेही माना डोलावल्या. हरकत घेतली ती सेक्रेटरींनी. फ्लॅट विकताना दिलेल्या माहितीपत्रकात त्या जागी हिरवळ दाखवली आहे, ती काढली तर बिल्डरकडे दाद मागताना आपली बाजू कमकुवत होईल, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो अगदीच चूक म्हणता येत नाही. खेळपट्टीचा ठराव झाला, पण अर्ध्याच पट्टीचा. उरलेल्या अर्ध्या पट्टीत काका अजून दर महिन्याला शेवाळ खरवडतात. माहितीपत्रकातल्या चित्रात मात्र तिथे दाट हिरवळ आहे आणि तिच्यावर कडक ऊन. चित्रकाराने बहुधा मे महिना धरला असावा.